पाहावे की सोडावे?

न आवडलेली कथा टाकून देणे सोपे असते. पुस्तक मिटावे, नाटकाच्या मध्यंतरात घरची वाट धरावी. कोणी जाब विचारीत नाही. खरी अडचण उभी राहते ती कथा आवडत असूनही पुढे सरकत नाही तेव्हा. पात्रांविषयी जिव्हाळा जडलेला असतो, गूढाची ओढ लागलेली असते, आणि तरीही आठवड्यामागून आठवडा जातो व कथा जिथल्या तिथे उभी राहते. अशा वेळी पाहत राहावे की सोडून द्यावे, हा प्रश्न वरवर करमणुकीचा दिसला तरी तो माणसे मोठ्या तळमळीने लढवितात. 2017 साली 21 मे ते 3 सप्टेंबर अशा साडेतीन महिन्यांत अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी मालिकेच्या चाहत्यांत हा वाद ज्या जिद्दीने चालला, त्यावरून संथ कथेचा आणि तिच्या प्रेक्षकाचा संबंध नेमका कसा असतो हे चांगले कळून येते. ती मालिका म्हणजे डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट या जोडीची ‘ट्विन पीक्स’.

या वादाची मुळे 1990 सालात आहेत. त्या वर्षी 8 एप्रिल रोजी एबीसी या वाहिनीवर या मालिकेचा पहिला भाग झाला. अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यात, देवदारासारख्या उंच वृक्षांच्या रानात वसलेले एक काल्पनिक गाव. तेथे लॉरा पामर नावाच्या शाळकरी मुलीचे प्रेत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या स्थितीत पाण्याकाठी सापडते आणि तपासासाठी एफ.बी.आय.चा डेल कूपर हा अधिकारी येतो. हा अधिकारी चतुर तर आहेच, पण त्याला गावची कॉफी आवडते, चेरीचा पाय आवडतो, झाडांची नावे विचारावीशी वाटतात, आणि स्वप्नात दिसलेल्या गोष्टीला तो पुराव्याइतकाच मान देतो. काइल मॅक्लॉक्लन या नटाने रंगविलेल्या या अधिकाऱ्यावर प्रेक्षकांनी जीव टाकला. पहिला भाग सुमारे 3 कोटी 46 लक्ष लोकांनी पाहिला. लॉराला कोणी मारले, हा प्रश्न त्या वसंतात अमेरिकेत घरोघर विचारला जात होता.

लिंच हा चित्रपटांच्या जगातून आलेला दिग्दर्शक. त्याला हा प्रश्न सोडवावयाचा नव्हता. खुनाचे गूढ मागे मागे सरत जावे आणि पुढे गावातल्या माणसांचे जीवन उलगडत राहावे, अशी त्याची कल्पना होती. सोन्याची अंडी देणारी हंसी आपणच मारली, असे तो पुढे अनेकदा म्हणत असे. वाहिनीच्या चालकांना मात्र प्रेक्षक कंटाळतील ही धास्ती होती. अखेर त्यांच्या आग्रहापुढे मान तुकवून 10 नोव्हेंबर 1990 च्या भागात खुनी कोण ते उघड करण्यात आले. (तो कोण हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही, ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांचा आनंद का हिरावून घ्यावा?) आणि मग अगदी उलटे घडले. ज्या उत्तरासाठी प्रेक्षक उतावीळ झाले होते ते मिळताच त्यांतले पुष्कळसे उठून गेले. मालिका आधीच शनिवार रात्रीच्या, म्हणजे अमेरिकेत लोक घराबाहेर असतात अशा वेळेला नेण्यात आली होती. 1991 च्या फेब्रुवारीत ती थांबविण्यात आली, चाहत्यांनी वाहिनीकडे पत्रांचा वर्षाव केला तेव्हा थोड्या भागांपुरती परत आणली गेली, आणि 10 जून 1991 रोजी संपली. संपली ती अशी की, कूपर एका लाल पडद्यांच्या अद्भुत दालनात अडकून पडला आणि त्याच्याच चेहऱ्याचा एक दुष्ट तोतया बाहेरच्या जगात सुटला. त्याच भागात लॉराची आकृती कूपरला सांगते की, पंचवीस वर्षांनी आपली पुन्हा भेट होईल.

या अपयशातून दोन वेगळे बोध घेण्यात आले. वाहिनीवाल्यांच्या दृष्टीने उत्तर द्यावयास उशीर झाला होता. लिंचच्या दृष्टीने उत्तर देणे हीच चूक होती. 2017 मध्ये मालिका परत आली तेव्हा यांतला दुसरा बोध मानणारा मनुष्य सर्वाधिकारी होता, हे ध्यानात घेतले म्हणजे पुढचे सर्व समजण्यास सोपे जाते.

ही परत येण्याची कथाही लांबीच्या प्रश्नाशी निगडित आहे. 2014 च्या ऑक्टोबरात शोटाइम या वाहिनीने नऊ नवे भाग करण्याचे जाहीर केले. 2015 च्या एप्रिलमध्ये लिंचने, योग्य वाटते त्या प्रकारे काम करण्याइतका पैसा मिळत नाही असे सांगून अंग काढून घेतले; मे महिन्यात समेट झाला. नवाचे अठरा भाग झाले आणि ते सर्वच्या सर्व लिंचने स्वतः दिग्दर्शित केले. संहिता फ्रॉस्टबरोबर एकसलग लिहिलेली होती, चित्रीकरणही एका दीर्घ चित्रपटासारखे झाले, आणि भाग पाडण्याचे काम नंतर संकलनाच्या मेजावर झाले. आणखी एक गोष्ट महत्त्वाची होती. शोटाइम ही वर्गणीवर चालणारी वाहिनी. एबीसीवरील तासात दर थोड्या मिनिटांनी जाहिरात येई, आणि जाहिरातीनंतर प्रेक्षकाने परतावे म्हणून तिच्या आधी एखादा धक्का, एखादा अर्धवट प्रश्न ठेवावा लागे. कथेची चाल अशा रीतीने बाहेरून हाकली जात असे. वर्गणीच्या वाहिनीवर हा चाबूक नव्हता. एखादे दृश्य किती वेळ चालावे हे ठरविण्यास दिग्दर्शक मोकळा होता.

त्याने हे स्वातंत्र्य कसे वापरले ते पाहण्यासारखे आहे. चाहते पंचवीस वर्षे वाट पाहत होते ती डेल कूपरची. त्याची हुशारी, त्याचे प्रसन्न हसू, कॉफीचा पहिला घोट घेतल्यावरचा त्याचा आनंद. तिसऱ्या भागात कूपर त्या लाल दालनातून सुटतो खरा, पण बाहेर पडतो तो स्मृती आणि वाचा जवळजवळ हरवून बसलेला. लास व्हेगस शहरातल्या डगी जोन्स नावाच्या विमा कंपनीतील एका माणसाच्या जागी तो येऊन पडतो आणि डगीची बायको, त्याचा मुलगा, त्याचे सहकारी, सर्वजण त्याला डगीच समजतात. समोरचा माणूस बोलेल त्या वाक्याचा शेवटचा शब्द तो पुन्हा उच्चारतो, एवढेच त्याचे संभाषण. जुगारघरात तो एकामागून एक यंत्रांतून नाण्यांचा पाऊस पाडतो, कचेरीतील कागदांवर लहान मुलासारख्या रेघोट्या मारतो आणि त्या रेघोट्यांतून लबाडी उघडकीस येते. सारे शहर त्याला कुठे ना कुठे ढकलीत नेते. पाचव्या भागाच्या शेवटी सारी माणसे घरी गेलेली असताना तो कचेरीपुढच्या चौकात एका पुतळ्याच्या पायांपाशी संध्याकाळपर्यंत उभा आहे. प्रेक्षकांना वाटले, आता पुढच्या भागात हा शुद्धीवर येईल. मग वाटले, त्याच्या पुढच्या भागात. असे करता करता जून गेला, जुलै गेला.

ही एक मोठी प्रतीक्षा झाली. तिच्या पोटात लहान लहान प्रतीक्षा होत्या, आणि वाद अधिक पेटला तो त्यांवरून. 18 जून रोजी झालेल्या सातव्या भागात गावातील मद्यगृह बंद झाल्यावर एक माणूस जमीन झाडीत असतो. तो झाडीत राहतो. कॅमेरा हलत नाही, कोणी बोलत नाही, मागे एक जुनी वाद्यधून चालू आहे, आणि दोन मिनिटांहून अधिक काळ फक्त झाडणे चालते. दूरचित्रवाणीवर दोन मिनिटे म्हणजे केवढा अवधी असतो हे ज्याने ती झाडलोट पाहिली त्यालाच कळेल. 30 जुलैच्या बाराव्या भागात ऑड्री ही जुन्या मालिकेतील लाडकी नायिका प्रथमच दिसली. तिच्यासाठी चाहत्यांनी अकरा भाग वाट पाहिली होती. आणि मिळाले काय, तर नवऱ्याबरोबर एका खोलीत चाललेले सुमारे दहा मिनिटांचे भांडण, तेही प्रेक्षकाने कधी नाव न ऐकलेल्या माणसांविषयी. त्याच भागात एफ.बी.आय.चा वृद्ध प्रमुख, ही भूमिका लिंच स्वतः करीत होता, एका फ्रेंच स्त्रीला खोलीतून जावयास सांगतो. ती जाकीट घालते, ओठ रंगवते, वळते, हसते, पुन्हा थांबते. महत्त्वाची बातमी घेऊन आलेला सहकारी आल्बर्ट दारापाशी निर्विकार चेहऱ्याने उभा आहे. त्या क्षणी आल्बर्टच्या चेहऱ्यावर कोट्यवधी मिनिटांची वाट पाहणारा सगळा प्रेक्षकवर्ग उभा आहे असे अनेकांना वाटले, आणि ते चुकीचे नव्हते.

चाहत्यांत जे दोन तट पडले त्यांची बाजू समजून घेतली पाहिजे. सोडून देण्याच्या मताचे जे होते ते उथळ किंवा अरसिक होते असे मानणे हा अन्याय होईल. त्यांतले कित्येक जुन्या मालिकेचे एकनिष्ठ भक्त होते, आणि त्यांची तक्रारही नेमकी होती. जुनी मालिकाही संथच होती, ते म्हणत, परंतु तिच्या संथपणात ऊब होती. गावातल्या उपाहारगृहात बसल्याचा आनंद होता. नवी मालिका गावाबाहेरच फिरते, नवी पात्रे आणते आणि वाऱ्यावर सोडते, आणि ज्याच्यासाठी आपण आलो त्याला जाणूनबुजून दूर ठेवते. त्यांच्या मते हा दिग्दर्शक प्रेक्षकाच्या प्रेमाचा गैरफायदा घेत होता. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की, पंचवीस वर्षांनी कोणीही जसेच्या तसे परत येत नाही. नट म्हातारे झाले, काही मरण पावले, गावही बदलले. हे जाणवून देण्यास वेळच हवा. जो जुना कूपर मागतो तो काळ गेलाच नाही असे ढोंग मागतो.

या दोन्ही तटांच्या मध्ये एक तिसरा, संख्येने बहुधा सर्वांत मोठा, वर्ग होता. त्याचे म्हणणे एका वाक्यात मावते: एवढे दहा तास घातले, आता शेवटपर्यंत पाहिलेच पाहिजे. हा युक्तिवाद व्यवहारात फार चालतो, आणि तो तपासून घेण्याजोगा आहे. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या दोन संशोधकांनी ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाची हंगामी तिकिटे घेणाऱ्यांवर केलेला एक प्रयोग 1985 साली प्रसिद्ध झाला. काहींना तिकीट पूर्ण किमतीला, म्हणजे 15 डॉलरला दिले. काहींना न मागता 2 डॉलरची, तर काहींना 7 डॉलरची सूट दिली. कोणाला किती पैसे पडावेत हे केवळ योगायोगावर सोपविले होते, म्हणजे नाटकाची आवड सर्वांची सारखीच धरावयास हरकत नव्हती. तरीही हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे भरलेल्यांनी सवलतवाल्यांपेक्षा अधिक नाटके पाहिली. पैसे तर सर्वांचेच जाऊन चुकले होते; पुढचे नाटक चांगले की वाईट याच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. अर्थशास्त्रात याला बुडीत खर्चाचा मोह म्हणतात. गमतीची गोष्ट अशी की, हंगामाच्या उत्तरार्धात हा फरक उरला नाही. बुडालेल्या पैशाचे ओझे माणूस कायम वाहत नाही. काही महिन्यांनी ते आपोआप हलके होते.

मग दहा तास घातले म्हणून पुढचे आठ घालावेत हा निव्वळ मोहच म्हणावयाचा काय? कथेच्या बाबतीत तसे पुरतेपणी म्हणता येत नाही. नाटकाच्या तिकिटाचे पैसे पुढल्या नाटकाला चव आणीत नाहीत, पण मालिकेत घातलेले तास आणू शकतात. याचे उत्तम उदाहरण 20 ऑगस्टच्या पंधराव्या भागात आहे. एड आणि नॉर्मा ही गावातली एक जोडी. तरुणपणी ताटातूट झालेली, 1990 पासून एकमेकांवर मुकाट्याने प्रेम करणारी. या भागात एडची बायको त्याला आपण होऊन मोकळे करते. तो उपाहारगृहात येतो, नॉर्मा दुसऱ्याच कोणाशी बोलत बसते, तो डोळे मिटून कॉफीपुढे बसून राहतो, आणि काही वेळाने त्याच्या खांद्यावर एक हात येतो. प्रथमच पाहणाऱ्याला या दृश्यात दोन पोक्त माणसे दिसतील. ज्याने सत्तावीस वर्षे काढली त्याचे डोळे कोरडे राहणे कठीण. त्याच भागात हातात ओंडका घेऊन फिरणारी ती चमत्कारिक बाई दूरध्वनीवरून आपल्या मित्राचा निरोप घेते. ही भूमिका करणारी कॅथरीन कूल्सन खरोखरच मृत्युशय्येवर होती. तिचे काम चित्रित झाल्यावर थोड्याच दिवसांत, 2015 च्या सप्टेंबरात, ती वारली. प्रत्येक वाक्यापूर्वी ती श्वास गोळा करते. ते थांबे कमी केले असते तर दृश्य आटोपशीर झाले असते, एवढेच.

तेव्हा प्रश्न गतीचा राहत नाही; या वेळेवर कोणाचा ताबा आहे, हा तो प्रश्न होतो. हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्या श्रोत्याला हे वेगळे सांगावयास नको. उस्ताद अमीर खाँ झूमऱ्याच्या चौदा मात्रांत अतिविलंबित ख्याल मांडीत, तेव्हा नवख्याला वाटे की काही घडतच नाही. जाणकार मात्र निश्चिंत बसलेला असे, कारण तबल्यावर ठेका चालू आहे, आवर्तन कितीही लांबले तरी सम येणार आहे आणि गवयाला ती ठाऊक आहे, याची त्याला खात्री असे. ही खात्री आहे तोवर मंद लय रेंगाळत नाही. ती खात्री गेली की मध्यलयसुद्धा लांबण वाटू लागते. ‘ट्विन पीक्स’च्या वादात ज्यांनी राहण्याचे ठरविले त्यांना कथा कळत होती असे मुळीच नाही, पुष्कळांना ती कळत नव्हती. त्यांना एवढेच ठाऊक होते की भाग अठरा आहेत, ते सर्व आधीच पुरे झालेले आहेत, आणि ते करणाऱ्याने एकेक मिनिट मोजून ठेवले आहे.

आपल्याकडच्या दैनंदिन मालिकांविषयी जी तक्रार घरोघर ऐकू येते तिचा यावरून उलगडा होतो. ‘चार दिवस सासूचे’ ही मराठी मालिका 2001 पासून 2013 पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. अशा मालिकेत एका वाक्यानंतर प्रत्येक पात्राचा चेहरा तीनतीनदा दाखविला जातो, तो कथेला वेळ हवा म्हणून नव्हे; उद्याचाही अर्धा तास भरावयाचा आहे म्हणून. शेवट ठरलेला नसतो, कारण तो प्रेक्षकसंख्येने ठरावयाचा असतो. तेथे सम केव्हा येणार हे गवयालाच ठाऊक नाही. तरीही त्या मालिका लोक वर्षानुवर्षे पाहतात, आणि तेही अडाणीपणा म्हणून झटकून टाकता येत नाही. स्वयंपाक करता करता, कपड्यांच्या घड्या घालता घालता पाहावयाची ती गोष्ट असते. तिची संथ चाल पाहणाऱ्या गृहिणीच्या कामाशी जुळलेली असते. चार दिवस चुकले तरी धागा सापडतो. हरि नारायण आपट्यांच्या कादंबऱ्या 1890 पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येत, तेव्हाही वाचक अंकाची वाट पाहत. परंतु आठवड्याच्या खंडात वाचकाला हरविलेला धागा शोधावा लागे, आणि त्यामुळे आपटे प्रत्येक हप्त्यात काही ठोस द्यावयाला बांधलेले होते. रोजच्या हप्त्याला ते बंधन उरत नाही.

साप्ताहिक खंडाचा हा मुद्दा 2017 च्या वादातही महत्त्वाचा ठरला. त्या सुमारास अनेक मालिकांचे सगळे भाग एकाच दिवशी प्रसिद्ध होऊ लागले होते. प्रेक्षक रविवारी बसून बारा तासांची कथा फस्त करीत आणि सोमवारी विसरत. ‘ट्विन पीक्स’ने हे नाकारले. 25 जूनच्या आठव्या भागात न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात 16 जुलै 1945 रोजी झालेला पहिला अणुस्फोट कृष्णधवल चित्रात दाखविण्यात आला. कॅमेरा त्या ढगाच्या गाभ्यात हळूहळू शिरत जातो, आणि मागे पोलिश संगीतकार पेंडेरेत्स्की याने हिरोशिमाच्या बळींसाठी रचलेली किंकाळ्यांसारखी वाद्यरचना वाजत असते. मग उरलेला बहुतेक भाग जवळजवळ शब्दांवाचून जातो. हा भाग झाल्यावर पुढचा भाग दोन आठवड्यांनी, 9 जुलैला, आला. या पंधरा दिवसांत जे गेले ते गेले. पण जे राहिले त्यांना पहिल्यांदाच कळले की गावातल्या एका मुलीच्या खुनाचे मूळ किती खोल नेण्याचा बेत आहे. सगळे भाग एकदम हाती असते तर ही पंधरा दिवसांची घुसळण झालीच नसती. पहिल्या रात्री वाहिनीवर मालिका पाहणारे सुमारे पाच लक्ष होते; पुढे तो आकडा बराच उतरला. मात्र वाहिनीच्या नव्या वर्गणीदारांची नोंद त्या आरंभीच्या दिवसांत विक्रमी झाली, असे तिच्या चालकांनी सांगितले. 1990 चा हिशेब असता तर मालिका जुलैतच बंद पडती. वर्गणीच्या हिशेबात थोडे पण निष्ठावंत प्रेक्षकही पुरले.

जाता जाता पहिल्याच भागातील एका प्रसंगाचा उल्लेख केला पाहिजे, कारण हा सगळा वाद दिग्दर्शकाने आधीच ओळखला होता की काय अशी शंका त्यावरून येते. न्यूयॉर्कमधील एका उंच इमारतीत एक तरुण पगारावर बसलेला आहे. त्याच्यापुढे काचेची एक मोठी रिकामी पेटी आहे. पेटीकडे पाहत राहावयाचे आणि तीत काही प्रकटते का ते बघावयाचे, हे त्याचे काम. तासन्‌तास काही होत नाही. तो कॉफी पितो, घड्याळ पाहतो, कॅमेऱ्यांतील साठवणपट्ट्या बदलतो. दुसऱ्या भागात कळते की कूपर याच पेटीतून या जगात आला होता. फक्त त्या क्षणी तो तरुण मिनिटभर दालनाबाहेर गेला होता.

27 ऑगस्टच्या सोळाव्या भागात, चौदा आठवड्यांनंतर, कूपर इस्पितळाच्या खाटेवर डोळे उघडतो आणि ताडकन उठून बसतो. तोच चेहरा, तीच तडफ, तेच नीटस बोलणे. पार्श्वभूमीला जुनी धून सुरू होते. वाट पाहणाऱ्यांना त्या दोन-तीन मिनिटांत जो आनंद झाला तो चौथ्या भागात झाला असता का, याचे उत्तर प्रत्येकाने आपापले द्यावे. सोडून जावे म्हणणाऱ्यांपैकी काही त्या रात्री परत आले. आणि नेमके त्यांच्याच पदरी पुढच्या आठवड्यात सर्वांत कठीण परीक्षा आली. 3 सप्टेंबरच्या शेवटच्या भागात कूपर टेक्सासमधील ओडेसा गावाहून एका स्त्रीला घेऊन रात्रभर मोटार हाकीत ट्विन पीक्सला येतो. मोटारीत दोघे बोलत नाहीत. काळोख, समोरच्या दिव्यांत येणारा रस्ता, मागे एक मोटार येते आणि निघून जाते. लॉराच्या घराचे दार उघडते ती एक अनोळखी बाई. त्या घरात पामर नावाचे कोणी नव्हतेच. (दार उघडणारी ती बाई एव्हरेट शहरातील त्या घराची खरोखरीची मालकीण होती.) कूपर रस्त्यावर येऊन थांबतो, हे कोणते साल आहे असे स्वतःशी विचारतो, ती स्त्री किंकाळी फोडते, घरातले दिवे जातात आणि पडदा काळा होतो.

वाद मिटला नाही. त्याला नवे तोंड फुटले. अठरा तास बसून हेच मिळावयाचे होते काय, असे एकजण विचारी. याहून दुसरे काही मिळाले असते तर ते खोटे ठरले असते, असे दुसरा म्हणे. पॅरिसच्या ‘काये द्यू सिनेमा’ या नियतकालिकाने 2017 सालच्या उत्कृष्ट चित्रपटांत या दूरचित्रवाणी मालिकेला पहिले स्थान दिले, तेव्हा ती चित्रपट की मालिका हे नवेच भांडण जुंपले. 2025 च्या जानेवारीत लिंच वारला, आणि पुढचा भाग कधीतरी येईल ही आशाही त्याच्याबरोबर गेली. मालिकेच्या चकत्या 2017 च्या डिसेंबरातच विक्रीस आल्या होत्या. ज्यांनी जुलैत पाठ फिरविली त्यांतले काही आता त्या घरी लावून पाहतात. वेग वाढविण्याची कळ आता त्यांच्या हाती असते, आणि सातव्या भागात तो माणूस झाडू लागला म्हणजे ती दाबावी की नाही हे त्यांना एकट्याने ठरवावे लागते.